सव्वापाचची गाडी

मी पोरांचं तोंडावर कौतुक करत नाही, अशी माझी ख्याती आहे. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढली, त्यात शिट्टीपेक्षा माझं तोंडच जास्त वाजलं. श्रीधर सर ओरडले की रस्त्यापलीकडचा चहावाला गॅस बारीक करतो, असं पोट्टे म्हणतात. म्हणोत बापडे. आज मात्र मी एका पोरीबद्दल चांगलं बोलणार आहे, आणि मध्ये कोणी टोकायचं नाही.

तिचं नाव रक्षा. गाव धामणखुटी, तालुका समुद्रपूर. वडील डोमाजी, त्यांचं गावात किराणा दुकान आणि गावाबाहेर पाच एकर कापूस. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते खेळताना नाही, डबा खाताना. जुलैत ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आली. तास दोनला संपायचे आणि गावाची गाडी सव्वापाचला. मधला वेळ काढायचा कुठं, म्हणून ती बास्केटबॉल कोर्टाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसायची. एकदा आमच्या मुलींचा बॉल सुटून थेट तिच्या डब्यावर चालला होता. हिनं उजव्या हातातला घास उजव्या हातातच ठेवला, डाव्या हातानं बॉल हवेतच धरला आणि तसाच परत फेकला. तोही नेमका जिच्या हातातून सुटला तिच्याच हातात.

"ए पोरी, डावखुरी आहेस काय?" मी विचारलं.

"नाई सर. दोन्ही हातानं येते."

"दोन्ही हातांनी? कसं काय?"

"कापूस वेचतो ना सर आमी," ती म्हणाली आणि भाजीत पोळी बुडवली. तिच्या लेखी विषय संपला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला कोर्टावर उभं केलं. उंची बेताची, पण हात असे चपळ की समोरच्या पोरीला बॉल गेला कधी हे कळायचंच नाही. आमची कप्तान मैत्रेयी, कलेक्टर ऑफिसातल्या बाबूची मुलगी, जिभेनं माझ्याहून तिखट. तीसुद्धा आठ दिवसांत म्हणाली, "सर, ही चोर आहे. खिशात हात घालायला ठेवा हिला." आमच्या संघात याहून मोठं कौतुक नसतं.

अडचण एकच होती, गाडीची. धामणखुटीला मुक्कामी गाडी जाते. संध्याकाळी गावात पोचते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि सकाळी साडेसहाला वर्ध्याकडे निघते. दिवसाची तेवढीच एक. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण डोमाजींच्या घरी ठरलेलं. रक्षाच्या आईच्या, देवकाबाईंच्या हातची भाकर आणि चून, म्हणजे आपलं पिठलं, झोपायला दुकानाची ओसरी. पंधरा वर्षांत ड्रायव्हर कितीतरी बदलले, चून तेच आहे. आता आमचा सराव चालतो चार ते सहा, आणि ही गाडी वर्ध्याहून सुटते सव्वापाचला. म्हणजे पाच वाजले की रक्षा पिशवी उचलायची आणि स्टँडकडे पळत सुटायची. कंडक्टर बबनराव दारात उभे राहून ड्रायव्हरला म्हणायचे, "थांबा, पोट्टी येऊन राह्यली." ती आली की मगच घंटी.

ऑगस्टात डोमाजी स्वतः कॉलेजात आले. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात माझ्यासाठी दुकानातली गुळाची ढेप.

"सर, पोट्टी खेळते म्हंते. खेळू द्या. पण दिवे लागाच्या टायमाले ते गावात पाह्यजे."

"अहो, पण खरा खेळ पाचनंतरच सुरू होतो. तासभर खेळून काय होणार?"

"गाडी सव्वापाचची हाय जी. तिले कोन सांगन थांबाले?"

मी त्यांना होस्टेलचं सांगितलं. विद्यापीठाच्या संघात जिची निवड होते तिला आमच्या मुलींच्या होस्टेलात जागा मिळते. बारा जणींचा संघ, निवड डिसेंबरात. डोमाजींनी दुकानदारासारखा दोन्ही बाजूंनी विचार केला.

"मंग असं करू," ते म्हणाले. "डिसेंबरपावतर खेळू द्या. निवड झाली तं होस्टेलात राहीन अन् खेळन. नाई झाली तं घरी. मी आडवा नाई येत, पण मंग खेळ बंद."

यात त्यांचं चुकतही नव्हतं. जानेवारीपासून तिचे प्रॅक्टिकल साडेचारपर्यंत चालणार होते. निवड झाली नाही तर कोर्टावर यायला तिला जेमतेम अर्धा तास उरणार होता. रक्षा बाजूलाच उभी होती. ती लगेच "हाव" म्हणाली, म्हणजे कबूल.

आता तिची खोड सांगतो. ऐकून हसाल, मीही हसलो होतो, आणि त्याचंच मला अजून वाईट वाटतं.

कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला पुढून एक फडकं झोळीसारखं बांधतात, तिला ओटी म्हणतात. दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढायचा आणि ओटीत कोंबायचा. रक्षा सहावीपासून हेच करत आली होती. त्यामुळं काय व्हायचं, तर बॉल हातात आला रे आला की तिचे दोन्ही हात तो पोटाशी न्यायचे! वाकून, दोन्ही दंडांत दाबून, आणि पाय आपले पुढं चालूच. बास्केटबॉलमध्ये बॉलचा टप्पा न पाडता पावलं टाकली की शिट्टी, बॉल समोरच्या संघाला. म्हणजे हिनं विजेसारखा बॉल हिसकवायचा आणि दुसऱ्या क्षणी नम्रपणे परत करायचा.

ऑक्टोबरात दुसऱ्या एका कॉलेजाशी सामना होता, आमच्याच कोर्टावर. बघायला दोनेकशे पोरं. पहिल्या दहा मिनिटांत रक्षानं पाच वेळा बॉल काढला आणि पाचही वेळा पोटाशी धरून चालली. पाचव्या शिट्टीला माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडलो, "अगं ए, कापूस आहे काय तो? ओटीत भरून घरी नेतेस काय?"

सगळं मैदान हसलं, मीही हसलो. समोरच्या संघातल्या पोरीही हसल्या. रक्षा मात्र मधोमध उभी राहिली, कानापर्यंत लाल झालेली. मग ती कोर्टाबाहेर आली, पिशवी घेतली आणि स्टँडकडे गेली. गाडीला अजून दीड तास होता.

ती पुढचे तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी मैत्रेयी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "सर, तुम्ही लय बोलले."

"मी काय खोटं बोललो?"

"खोटं नाही बोलले. पण दोनशे पोरांत बोलले."

सव्वीस वर्षांत पोरांनी मला उलट उत्तर कधी दिलं नव्हतं, ते हिनं दिलं. त्या शनिवारी मी मुकाट्यानं सव्वापाचच्या गाडीत जाऊन बसलो. बबनरावांनी तिकीट फाडताना विचारलं, "सर, तुमी इकडं कुठी?" मी म्हणालो, "चून खायला." ते हसले, आणि खरोखरच त्या रात्री आम्ही तिघं, मी, ते आणि ड्रायव्हर, डोमाजींच्या घरी ओळीनं चून-भाकर खायला बसलो. रक्षानं पाणी वाढलं, पण माझ्याकडं बघितलं नाही.

सकाळची गाडी मी मुद्दाम सोडली आणि दंव सुकल्यावर मायलेकींच्या मागं शेतात गेलो. मला तिची माफी मागायची होती, पण सुरुवात कुठून करायची? अशा कामाची सवय नाही हो. म्हणून मीही ओटी बांधली आणि वेचायला लागलो. पाच मिनिटांत बोटं बोंडाच्या टोकांनी सोलून निघाली. देवकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"सर, कापूस काढून राह्यले का बोंडाचा गळा दाबून राह्यले?"

"दमानं घ्या बाई, मी नवा आहे."

"हाव ना. आमची पोट्टी बी तिकडं नवीच हाय म्हना."

त्या सहज बोलल्या, पण मला लागायचं तिथं लागलं. मी कंबर सरळ केली आणि म्हणालो, "रक्षा, त्या दिवशी माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं."

रक्षा वेचत राहिली. तिचे डोळे पुढच्या झाडावर होते आणि हात मागच्या झाडावर. ओटीकडं ती एकदाही बघत नव्हती, हात आपोआप तिकडं जात होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमी खरंच बोलले सर. मले समजते, पण हातच पोटाकडं जाते. काय करू?"

मी शिक्षक. उत्तर मी द्यायचं. ते देवकाबाईंनी दिलं.

"ओटी सोड," त्या म्हणाल्या. "तू वेच अन् माह्या ओटीत फेक. मी बाजूच्या ओळीत चालतो."

"आई, कापूस खाली पडन."

"पडू दे. वेचून घेऊ."

रक्षानं ओटी सोडली. मूठ भरली की हात आधी सवयीनं पोटाकडं जायचे, तिथं काही नाही बघून थबकायचे, आणि देवकाबाई ओटी पसरून ओरडायच्या, "टाक!" दाबून गोळा केलेला कापूस हातभर जायचा, हातभर उडायचा. पहिल्या दिवशी निम्मा मातीत गेला. डोमाजी दुपारी भाकरी घेऊन आले आणि कापसातला काडीकचरा बघून म्हणाले, "हे काय वेचनं हाय? कोन घेईन हे?" देवकाबाईंनी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही. "तुमी दुकान पाहा," त्या म्हणाल्या.

रक्षा सोमवारी कोर्टावर आली. सुटीच्या दिवशी शेतात आईचं "टाक", दुपारी कोर्टावर माझं "टाक". तीन आठवड्यांत पोटाकडं जाणारे हात अर्ध्या वाटेवरून वळायला लागले. नोव्हेंबर संपता संपता बॉल तिच्या हाती येतोय न येतोय तोच दुसरीच्या हातात गेलेला असायचा. मी एकदाही शाबास म्हणालो नाही. आता म्हणतो, शाबास!

डिसेंबरात नागपूरला निवड चाचणी होती. देवकाबाई म्हणाल्या, मी येतो. त्यांनी खेळ कधी पाहिलाच नव्हता. डोमाजी दुकानात थांबले. रक्षाबरोबर आमची मैत्रेयीही होती. देवकाबाई कोर्टाच्या कडेला, रेषेपासून चार हातांवर, नवी साडी नेसून मांडी घालून बसल्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, खुर्चीवरून मले नीट दिसत नाई.

त्या दिवशी रक्षा कशी खेळली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी अर्धा वेळ डोळे झाकून बसलो होतो. जे पाहिलं ते हे की समोरच्या संघातली सहा फुटी पोरगी शेवटी बॉल डोक्यावर धरून फिरायला लागली, इतकी तिला हिची धास्ती बसली. निवड करणाऱ्या तिघांपैकी एक जण सारखा कागदावर लिहीत होता.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. रक्षानं बॉल काढला. तिघींनी तिला कोंडीत धरलं. मैत्रेयी रिंगखाली एकटी हात वर करून उभी होती. आणि इकडून, सामनाभर श्वास रोखून बसल्यासारखा, देवकाबाईंच्या गळ्यातून आवाज निघाला, "टाक!"

रक्षानं टाकला. न बघता, आवाजाच्या दिशेनं, सरळ. बॉल कोर्टाची रेषा ओलांडून देवकाबाईंच्या मांडीवर जाऊन बसला.

शिट्टी झाली. क्षणभर कोणाला काही कळलं नाही, मग सगळे हसले. देवकाबाई दोन्ही हातांनी बॉल धरून बसल्या होत्या, नव्या साडीच्या ओच्यात, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मी मात्र हसलो नाही. एकदा हसून चुकलो होतो.

संध्याकाळी यादी लागली. बारा नावं. मैत्रेयी आठवी. रक्षाचं नाव खाली, राखीव दोघींमध्ये पहिलं. राखीव मुलींना होस्टेल नाही, तसा नियमच आहे. मी त्या लिहिणाऱ्या निवडकाला गाठलं.

"त्या एका पासमुळं गेली का हो?"

"छे! आजचा सगळ्यात सरळ पास तोच होता, घेणारी तेवढी बाहेर बसली होती." मग तो गंभीर झाला. "हात असे मी कमी पाहिलेत. पण पोरगी खेळात मुरलेली नाही. रोज दोन तास कोर्टावर ठेवा. पुढच्या डिसेंबरात मी तिची वाट बघतो."

रोज दोन तास! मी त्याला गाडीचं काय सांगणार होतो?

परतीच्या बसमध्ये देवकाबाई खिडकीशी बसल्या होत्या. "माह्यामुळं गेलं न वं?" त्यांनी विचारलं. रक्षा म्हणाली, "नाई वं आई," आणि डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. वर्धा येईपर्यंत देवकाबाई आपले तळहात उलटेपालटे करून बघत होत्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रक्षा माझ्या खोलीत आली. कॉलेजनं दिलेले खेळाचे बूट तिनं धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून आणले होते. "सर, हे दुसऱ्या कोनाले होतीन," ती म्हणाली. रडली नाही. मी बूट घेतले, कपाटात ठेवले, आणि ती गेल्यावर विनाकारण दोन पोरांना झापलं. त्या महिन्यात मी फार वाईट वागलो, मैत्रेयीला विचारा. पाच वाजले की माझी नजर पायऱ्यांकडे जायची, आणि तिथं कोणी नसायचं.

महिना संपायला आला आणि एका दुपारी डोमाजी आले. या वेळी हातात गूळ नव्हता, कागदांचा गठ्ठा होता.

"सर, यावर कॉलेजचा शिक्का पाह्यजे."

मी अर्ज वाचला. माननीय आगार व्यवस्थापक यांना. विषय, धामणखुटी मुक्कामी गाडी वर्ध्याहून सव्वापाचऐवजी साडेसहाला सोडणेबाबत. कारणं रीतसर घातली होती. बाजाराला गेलेली माणसं मागं राहतात, दवाखान्यात नंबर लागत नाही, कापूस विकून येणाऱ्यांची गाडी चुकते. खाली एकशे चौदा सह्या आणि नऊ अंगठे.

"हे तुम्ही फिरून घेतलं?"

"घरोघरी. दोन घरं नाई म्हने, त्यायच्याकडं चारदा गेलो." डोमाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बबनराव म्हने, अर्ज द्या, गाडी बदलते. मले एवढ्या वर्सांत माहीतच नोतं. मी कधी इचारलंच नाई न जी."

"पण तुम्हालाच तर ती दिवे लागायच्या आत घरी हवी होती."

"घरवाली नागपूरवून आली अन् तीन दिवस माह्याशी बोलली नाई. चौथ्या दिवशी म्हने, तो बॉल माह्या हातात आलता. कापसासारखा नाई तो, लय जड असते. येवढं जड पोट्टी त्या कोपऱ्यातून माह्या मांडीवर टाकते, नेमकं. अन् आपन तिले गाडीत बसवून घरी आनतो." त्यांनी टोपी परत घातली. "मंग मी काय बोलू?"

मी शिक्का मारायला शेवटचं पान उलटलं. सगळ्या सह्यांच्या खाली उरलेल्या जागेत, दुकानाच्या पाटीवर असतं तसल्या ठसठशीत अक्षरात, डोमाजींनी आणखी एक ओळ लिहिली होती. "तसेच आमची मुलगी बास्केटबॉल खेळते. तो खेळ सव्वापाचला संपत नाही."

मी शिक्का मारला. जरा जोरातच मारला, कागद फाटायचा राहिला.

एक मार्चपासून गाडीची वेळ बदलली. त्या दिवशी प्रॅक्टिकल संपवून रक्षा साडेचारला कोर्टावर आली. मी कपाटातले बूट काढून तिच्यापुढं टाकले. ते मी दुसऱ्या कोणाला दिलेच नव्हते. ती खेळायला लागली. मध्ये दोन महिने गेले होते तरी हात पोटाकडं गेले नाहीत, बॉल जिच्याकडं जायचा तिच्याकडंच गेला.

पाच वाजले. खेळता खेळता रक्षा एकदम थांबली, पायऱ्यांकडं धावली, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडं पळत सुटली. सगळ्या पोरी बघत राहिल्या.

"रक्षा!" मी ओरडलो. चहावाल्यानं नक्कीच गॅस बारीक केला असेल. "कुठं निघालीस?"

ती फाटकाशी वळली. आधी माझ्याकडं पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं, आणि मग तिच्या लक्षात आलं. मी शिट्टी तोंडाला लावली आणि न वाजवताच खाली सोडली.

रक्षा चालत परत आली आणि पिशवी पायरीवर ठेवली.